झुलत्या पुलाचा वैरी: केबलमधला दमटपणा

मुठेच्या पात्रात काळा पाषाण हाताशीच लागतो. ठरावीक अंतरावर खांब रोवले की पुण्यात पूल उभा राहतो. जपानच्या आकाशी सामुद्रधुनीत पाणी शंभर मीटरहून खोल, ओढ जबरदस्त आणि जहाजांची अखंड वर्दळ. तिथे मधे खांब घेता येईना. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या झुलत्या पुलाचा मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, म्हणूनच १,९९१ मीटरचा आहे. आराखड्यात तो १,९९० होता. १९९५ च्या कोबे भूकंपाने मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे ८० सेंटीमीटरने वाढवलं. सुदैवाने तेव्हा केबल ओढून झाल्या होत्या, पण रस्त्याचा सांगाडा टांगायचा बाकी होता.

सगळा भार दोन मुख्य केबलवर. एकेका केबलमध्ये १२७ तारांचे २९० जुडगे, म्हणजे ३६,८३० तारा, प्रत्येक ५.२३ मिलिमीटर जाड. एक तार तोडायला जवळजवळ चार टनांची ओढ लागते. मग बिघडतं कुठे?

गोल तारा कितीही आवळल्या तरी आत सुमारे २० टक्के पोकळी उरतेच. पूर्वी जस्ताचा लेप दिलेल्या तारांवर लुकण भरून, वरून बारीक तार गुंडाळून रंग देत. पण बांधताना आत शिरलेलं पाणी त्याच वेष्टनात कोंडतं. दिवसा त्याची वाफ होते, रात्री थेंब धरतात. श्रावणात बंद कपाटाला येणारा गंज आठवा. बाहेरचा रंग शाबूत दिसतो म्हणून बेसावध राहणं हीच मोठी चूक. खरी तपासणी म्हणजे वेष्टन सोडून, पाचर ठोकून तारा फाकवून पाहणं. आकाशीत केबलमध्ये कोरडी हवा सोडतात. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली की गंज जवळपास थांबतो.

मोरबीत २०२२ मध्ये पूल कोसळून १३० हून अधिक माणसं गेली. तुटलेल्या केबलच्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, असं विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात आहे.

असा पूल झाला की प्रदेशाची घडीच बदलते. कांद्यासाठी प्रसिद्ध असलेलं आवाजी बेट कोबेला रस्त्याने जोडलं गेलं, फेरी बोटी मागे पडल्या. पलीकडच्या तोकुशिमाचं गिऱ्हाईकही कोबे-ओसाकाकडे वळलं. मग पूल महिनाभर बंद ठेवणंही परवडत नाही.

खंडाळ्याच्या घाटात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकसाठी निवडलेला पूल वेगळ्या जातीचा, केबल-स्टेड. त्याच्या केबल मनोऱ्यातून थेट रस्त्याला धरतात आणि एकेक करून बदलता येतात. घाटातल्या धो-धो पावसात ही सोय फार मोलाची.