ट्रकच्या डिझेल इंजिनाची पिढीगणिक वाढणारी पॉवर

ट्रकच्या डिझेल इंजिनाची पॉवर पिढीगणिक वाढते म्हणजे साधारण तेवढ्याच साइजच्या इंजिनातून दर नव्या पिढीला जास्त हॉर्सपॉवर काढली जाते. इंजिनच मोठं करून पॉवर वाढवता येते आणि तेही झालंय, पण भारतातल्या ट्रकांत खरी वाढ झाली ती लिटर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांची मिळून आतली जागा, फारसे न वाढवता. टाटाचं जुनं ६९२ इंजिन ४.८ लिटरमधून ११० च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं, आज ५५ टनी ट्रेलर ओढणारं कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन ३०० देतं. म्हणजे लिटरमागे २३ वरून ४५, जवळजवळ डबल. अगदी मुळाशी गेलं तर रुडॉल्फ डिझेलचं १८९७ सालचं ऑग्सबर्गमधलं पहिलं चालतं इंजिन एका सिलिंडरचं, जवळपास २० लिटरचं आणि २० हॉर्सपॉवरचं होतं, लिटरला एक.

ही वाढ भारतात ट्रकच्या नावावरच लिहिलेली असते. टाटा, लेलँड, भारतबेंझ सगळ्यांच्या मोठ्या गाड्यांच्या नंबरात पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन टनांत, आणि शेवटचे दोन दहाने गुणले की साधारण हॉर्सपॉवर. १२१० म्हणजे १२ टन आणि शंभरच्या आसपास, १६१२ म्हणजे १६ टन १२०, दहा टायर २५१५, बारा टायर ३११८, ट्रेलर ओढणारी ४९२३ आणि आता ५५३०. हायवेला उभं राहून नुसत्या पाट्या वाचल्या तरी पन्नास वर्षांचा इतिहास कळतो. टाटाच्या जुन्या इंजिनांचे नंबरही असेच सरळ आहेत, पहिला आकडा सिलिंडर किती आणि पुढचे दोन बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, किती मिलिमीटर, म्हणून ६९२ म्हणजे सहा सिलिंडर ९२ चा बोअर, ६९७ म्हणजे ९७ चा बोअर आणि ४९७ म्हणजे तोच बोअर चार सिलिंडरमध्ये.

पॉवर हवेतून येते, डिझेलमधून नाही

हा मुद्दा नीट समजला की बाकी सगळं आपोआप उलगडतं. डिझेल जास्त घालणं कधीच अवघड नव्हतं, पंप थोडा वाढवला की झालं, अडचण असते ती डिझेल पूर्ण जाळायला लागणाऱ्या हवेची. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात इंधन अगदी शेवटच्या क्षणी फवारलं जात असल्याने ते हवेत नीट मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून तीस-चाळीस टक्के जास्त हवा ठेवावी लागते नाहीतर काळा धूर निघतो. गॅरेजला पंपाचा स्क्रू फिरवून "पिकअप वाढवून" घेतलेल्या जुन्या गाड्या घाटात काळा धूर ओकत चढायच्या तो धूर म्हणजे हवा न मिळाल्याने अर्धवट जळालेलं डिझेलच, त्यातली थोडी पॉवर चाकाला मिळते पण बाकी सायलेन्सरमधून जाते आणि वर पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड तापतात ते वेगळंच.

आता हिशोब करू. ५.९ लिटरचं इंजिन २५०० आरपीएमला (मिनिटाला २५०० फेऱ्यांना) मिनिटाला साधारण ७ हजार ४०० लिटर हवा ओढू शकतं, कारण फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदाच हवा आत येते. त्या हवेत धूर न करता जळेल एवढं डिझेल घातलं तर सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आसपास गाडी अडकते. कितीही हुशार इंजिनिअर असला तरी नुसत्या ओढून घेतलेल्या हवेवर ह्या साइजला ह्याच्या फार पुढे जाता येत नाही. आरपीएम वाढवून थोडं मिळतं पण जड पिस्टन आणि हळू जळणारं डिझेल ह्यामुळे तो रस्ता लवकर संपतो, उलट नव्या पिढ्यांमध्ये आरपीएम कमीच होत गेलेत, ६९२ ला पूर्ण पॉवरसाठी २८०० पर्यंत पळवावं लागायचं आणि आजची गाडी २३०० ला पूर्ण पॉवर देते, वर पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हजार-बाराशे आरपीएमपासूनच मिळतो.

म्हणून पहिली मोठी उडी टर्बोची. सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या गरम गॅसवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्येच पेटंट केली होती, पण ट्रकला परवडेल आणि टिकेल असा टर्बो यायला अर्धं शतक गेलं. व्होल्वोने १९५४ मध्ये टायटन ट्रकच्या ९.६ लिटर इंजिनाला टर्बो बसवला आणि १५० चे १८५ झाले, इंजिन तेच.

दाबल्यावर हवा तापते, अडीच बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) दाबली तर दीडशे डिग्रीच्या आसपास जाते, आणि गरम हवा विरळ असते, म्हणजे दाबून कमावलेलं थोडं परत जातं. ती रेडिएटरच्या पुढे लावलेल्या इंटरकूलरमधून पन्नास-साठ डिग्रीवर आणली की त्याच दाबाला जवळपास तीस टक्के जास्त हवा मावते. स्कॅनियाचं व्ही-८ हे ह्याचं उत्तम उदाहरण, १९६९ मध्ये १४ लिटरला टर्बोसकट ३५० हॉर्सपॉवर, १९८२ मध्ये इंटरकूलर आल्यावर ४२०, नंतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने ४७०, सगळं १४ लिटरमध्येच. इंटरकूलरचा अजून एक फायदा असा की आत येणारी हवा थंड असल्याने जळतानाचं तापमानही कमी राहतं, त्यामुळे इंजिनही टिकतं आणि पोल्युशनही कमी होतं.

फवारा आणि लोखंड

हवा मिळाली की पुढचा प्रश्न, तेवढं डिझेल तेवढ्याच वेळात बारीक फवारायचं कसं. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांमध्ये नोझल साधारण २०० बारला उघडायचं आणि वरचा दाबही काही शे बारच. आपल्याकडे कित्येक वर्षं पंप आणि नोझल म्हणजे मायको (आताची बॉश कंपनी), नाशिकच्या कारखान्यात नोझल-इंजेक्टर बनायचे आणि खेड्यातल्या मेकॅनिकलाही ते टेस्टिंग करता यायचं. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीत कायम दाबून ठेवलेलं डिझेल, आल्यावर सगळं बदललं. जपानमध्ये १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकला डेन्सोची पहिली कॉमन रेल लागली, आता १६०० ते २५०० बार दाब असतो आणि एका स्ट्रोकमध्ये तीन-चार वेळा तुकड्या-तुकड्यात इंजेक्शन होतं, आधी जरासं पायलट, मग मेन, मग शेवटचं. फवारा बारीक झाला की तीच हवा जास्त नीट वापरली जाते, म्हणजे धूर न होता जास्त डिझेल जाळता येतं. हेडला सिलिंडरमागे दोनऐवजी चार व्हॉल्व्ह देऊन नोझल बरोबर मध्यभागी आणणं हेही ह्याच कामासाठी.

ह्या सगळ्याचा मार शेवटी लोखंडावर येतो. बिनटर्बोच्या इंजिनात सिलिंडरमधला सर्वात मोठा दाब ८०-९० बार असायचा, आजच्या मोठ्या ट्रक इंजिनात २०० च्या वर जातो. म्हणून जुन्या ब्लॉकला नुसता मोठा टर्बो लावून भागत नाही, हेड गॅस्केट उडेल, बेअरिंग जातील, पिस्टनला भोक पडेल. पिढी बदलावी लागते ती ह्यासाठी. पिस्टनच्या आतून तेल फिरवून तो थंड ठेवणं, अॅल्युमिनियमऐवजी स्टीलचा पिस्टन, जास्त ताकदीचं कास्टिंग, रुंद बेअरिंग. नवीन ब्लॉक डिझाइन करताना कंपनी थोडी जागा मुद्दाम राखून ठेवते, पहिल्या मॉडेलला कमी रेटिंग देते, फील्डमध्ये काय तुटतं ते बघते, तेवढं मजबूत करते आणि मग पुढच्या मॉडेलला पॉवर वाढवते.

कमिन्सच्या बी सिरीजमध्ये हे स्पष्ट दिसतं. ५.९ लिटरचं हे इंजिन अमेरिकेत १९८९ च्या डॉज रॅम पिकअपला १६० हॉर्सपॉवरवर आलं, बोअर १०२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२० मिलिमीटर. नंतर १०७ आणि १२४ करून ६.७ लिटर झालं, आणि २०१९ मध्ये त्याच पिकअपमध्ये ४०० ला पोचलं. हेच घराणं आपल्याकडे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समधून जमशेदपूरला बनायला लागलं आणि पुढे साताऱ्यातल्या फलटणलाही, टाटाच्या ट्रकांत १८०, मग २३०, मग ३०० अशा पायऱ्या त्याने चढल्या. पिकअपला ४०० मिळतात आणि ट्रकला ३०० च का, तर पिकअप पूर्ण ताकद क्वचित वापरतं, ट्रक मात्र लोड भरून तासनतास पूर्ण ताकदीवर चालतो आणि त्याच्याकडून लाखो किलोमीटरची अपेक्षा असते.

पोल्युशनच्या नियमांनी पॉवर कमी केली की वाढवली?

बरेच ड्रायव्हर आणि मालक म्हणतात बीएस (भारत स्टेज, पोल्युशनचे नियम) आल्यापासून गाड्यांचा दम गेला. सेन्सर बिघडला की गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे मुद्दाम कमी पॉवरवर चालते, आणि युरिया संपला की पिकअप कमी होतो, हे खरं आहे आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. पण इंजिनाच्या बाजूने बघितलं तर नियमांनीच पॉवर वाढवली. २००० साली मोठ्या डिझेलला एका किलोवॅट-तासामागे ८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालायचे, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ०.४ च्या आसपास, आणि धुरातले कण ०.३६ ग्रॅमवरून ०.०१. एवढं स्वच्छ जळण बिनटर्बोच्या, साध्या पंपाच्या इंजिनातून होणं शक्यच नाही, त्यामुळे टर्बो, इंटरकूलर, कॉमन रेल हे सगळं बसवावंच लागलं, आणि एकदा बसवल्यावर पॉवर सोबत आलीच. लिमिट किलोवॅट-तासामागे मोजतात हेही लक्षात घेण्यासारखं आहे, म्हणजे मोठी पॉवर असलेल्या इंजिनाला त्यामुळे तोटा नसतो. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिन टेस्ट बेडवर चढवून हे सगळं तपासलं जातं, मग ते बाजारात येतं.

बीएस-६ मध्ये नायट्रोजन ऑक्साइड मारायचं काम सायलेन्सरमधल्या युरियाकडे गेल्याने इंजेक्शनचं टायमिंग परत पुढे घेता येतं, म्हणजे डिझेल थोडं आधी फवारता येतं आणि जळण गरम आणि कार्यक्षम होतं. हे शक्य झालं ते पंपावरच्या डिझेलमधलं गंधक ३५० पीपीएमवरून (दहा लाखात ३५० भाग) ५० आणि मग १० वर आल्यामुळे, नाहीतर कॅटॅलिस्ट आणि फिल्टर टिकलेच नसते. रिफायनरीचा हा वाटा सहसा कोणी बोलत नाही.

पॉवर वाढली, पण टनामागे कमी झाली

एवढी पॉवर मागतं कोण? माल. आणि इथे वरच्या पाट्यांचाच हिशोब डोळे उघडतो. १२१० ला टनामागे ८.३ हॉर्सपॉवर, १६१२ ला ७.५, २५१५ ला ६, ३११८ ला ५.८ आणि ४९२३ ला फक्त ४.७. म्हणजे इंजिन सव्वादोनपट ताकदवान झालं पण लोड चौपट झाला. टनामागच्या हिशोबाने भारतातला ट्रक कित्येक वर्षं कमजोर होत गेला आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पासिंगपेक्षा, म्हणजे परवानगीच्या वजनापेक्षा, जास्त भरलेली गाडी असेल तर विचारूच नका.

घाटात ह्याचा अर्थ काय होतो ते बघा. शंभराला पाच चढ धरला आणि चाकापर्यंत पॉवर पोचताना बारा टक्के गेली असं धरलं तर पूर्ण लोडची १२१० साधारण ३५ च्या स्पीडने चढेल, ४९२३ फक्त २० ने. बोरघाटात किंवा कसाऱ्यात ट्रेलरच्या मागे लागलेल्या रांगा ड्रायव्हरच्या आळसामुळे नसतात, त्याच्याकडे तेवढीच पॉवर असते. २० ने चढणारा ट्रक आणि ८० ने मागून येणारी कार एकाच रस्त्यावर असणं धोक्याचं आहे, आणि त्याचा दोष प्रत्येक वेळी ट्रक ड्रायव्हरवर टाकला जातो हे चुकीचं आहे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहा टायरची गाडी २५ वरून २८.५ टनांवर गेली आणि वरची मर्यादा ४९ वरून ५५ झाली. मालकांना परवानगी मिळाली, पण जुनी पॉवर त्या वजनाला पुरेना, म्हणून पुढच्या मॉडेल्सना नवे नंबर आणि नवी रेटिंग आली. ५५३० ला टनामागे ५.५ पडतात, घाटात २३ च्या आसपास स्पीड. म्हणजे आत्ताची वाढ ही मागे पडलेलं भरून काढणं आहे, आणि अजून ते भरलेलं नाही. जर्मनीत ट्रकला टनामागे किमान ५ किलोवॅट पाहिजेत असा कायदाच आहे, त्या हिशोबाने ५५ टनांना ३७० च्या वर हॉर्सपॉवर लागतील.

आपल्याकडे ह्याहून जास्त पॉवर का नाही घेत ह्याचं उत्तर अॅव्हरेज आणि हप्ता. भाडं टन-किलोमीटरवर मिळतं, डिझेल हाच सर्वात मोठा खर्च, स्पीड गव्हर्नर ८० ला लावलेला, त्यामुळे सपाटीला १८० आणि २५० ची गाडी जवळपास सारखीच पळते आणि मालक स्वस्त गाडी घेतो. एक्सप्रेसवे आणि चौपदरी हायवे झाल्यावर, वेळेवर डिलिव्हरीला पैसे मिळायला लागल्यावर हे हिशोब बदलायला लागलेत, आणि ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाल्याने थोडी पॉवर तिकडेही लागते.

युरोपात ४० टनांना ४६० ते ५०० हॉर्सपॉवर ही आता साधी गोष्ट आहे. व्होल्वोचा एफएच-१६ हा १९९३ ला ५२० वर सुरू झाला, ७०० आणि ७५० करत २०२४ मध्ये १७ लिटरच्या इंजिनासोबत ७८० ला पोचला, स्कॅनियाचं व्ही-८ १६ लिटरमध्ये ७७० देतं. तिथे लाकडाचे ओंडके आणि अवजड मशिनरी ओढणाऱ्यांना हे लागतं. भारतात अशी वाढ होईल ती रेडिएटरला जागा, गिअरबॉक्सची टॉर्क झेलायची क्षमता आणि मालकाला परवडणारी किंमत ह्या तीन गोष्टी जिथपर्यंत जाऊ देतील तिथपर्यंत.