डॉल्बी वेगळी, मिक्स वेगळा

अनंत चतुर्दशी झाली की सीमाभागातल्या पेपरांत दुसऱ्या दिवशी एक बातमी ठरलेली असते. निपाणी असो, खानापूर असो, नाहीतर बेळगावात कपिलेश्वर तलावापर्यंत जाणारी मिरवणूक असो. ‘डॉल्बीचा दणदणाट’, ‘तरुणाई थिरकली’, मग डेसिबलचे आकडे आणि किती मंडळांवर गुन्हे दाखल झाले त्याचा हिशेब. कानडी पेपरांचा सूरही तोच, फक्त डॉल्बीच्या जागी डीजे. या बातमीत दोन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोट बांधलेली असते. एक म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. दुसरी म्हणजे त्या भिंतीतून वाजणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, जे आपल्याच गावांतली पोरं घरच्या कॉम्प्युटरवर बनवतात. भिंतीबद्दल रकानेच्या रकाने येतात. संगीताबद्दल एक ओळ येत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण आजारी माणसाला होणारा त्रास खरा आहे आणि त्या पोरांची कलाही खरी आहे.

आधी भिंतीचं बघू. बोलताना आपण तिला डॉल्बी म्हणतो. तिच्यात खालचे सूर काढणारे मोठे ‘बेस’, मधले ‘मिड’ आणि वरचे ‘टॉप’ असतात. मागे अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक, त्याच्या मागे जनरेटर. कुठला सूर कुठल्या स्पीकरकडे जायचा ते क्रॉसओव्हर ठरवतो आणि लॅपटॉप किंवा कन्सोलपाशी ऑपरेटर उभा असतो. मालक ती भाड्याने देतो. मे महिन्याच्या आसपास ती शिवजयंतीच्या चित्ररथामागे असते, भाद्रपदात गणपतीपुढे, १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या मिरवणुकीत आणि मधल्या दिवसांत लग्नाच्या वरातीत. त्यातून काय वाजवायचं ते भाड्याने घेणारा ठरवतो.

कायद्याचा संबंध या भिंतीशी आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवून देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. हे आकडे सगळ्यांनाच लागू आहेत, त्यामुळे भर गल्लीत वाजणारं मोठं ढोलपथकही ५५ च्या मर्यादेत बसत नाही.

आता बातमीतला आकडा. ‘मर्यादा ५५, नोंद ११०’ असं वाचलं की आवाज दुप्पट झाला असं वाटतं. पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ आणि ११० यांत ऊर्जेचा फरक तीन लाखपटींहून जास्त आहे. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. नियमांतलं मोजमाप ‘ए-भारित’ डेसिबलमध्ये आहे. माणसाचा कान मंद्र सुरांना कमी दाद देतो, म्हणून मीटरही ते सूर कमी धरतो. ५० हर्ट्झचा सूर प्रत्यक्षात १०० डेसिबलचा असला तरी असा मीटर साधारण ७० दाखवतो. पण त्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब असते. घराची भिंत तिला फारशी अडवत नाही. तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी वाजतात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत धडधडतं. त्याची तक्रार मुख्यतः याच सुरांबद्दल असते आणि छापलेल्या आकड्यात नेमके हेच सूर कमी भरतात. त्रासाची बातमी द्यायचीच तर ती इतकी बारकाईने द्यायला हवी.

लेझरचा प्रश्नही याच बातमीत ढकललेला असतो. झोत थेट डोळ्यांत गेला तर दृष्टिपटलाला इजा होते, त्यामुळे त्यावर बंदी योग्यच. पण तो मुद्दा उजेडाचा आहे, संगीताचा त्याच्याशी काहीच संबंध नाही.

आता मिक्स, म्हणजे पोरं बनवतात ते संगीत. यात हलगी मिक्स, संबळ मिक्स, साउंड चेक, हॉर्न मिक्स, साय मिक्स असे प्रकार आहेत आणि करणाऱ्यांमध्ये त्यावरून हिरिरीने वाद होतात. एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरवर काम चालतं. तयार ट्रॅक यूट्यूबवर किंवा पेनड्राइव्हमधून फिरतो. काही ट्रॅक मुद्दाम कुठेच टाकत नाहीत. त्यांना ‘अनरिलीज्ड’ म्हणतात आणि ते फक्त मिरवणुकीतच ऐकायला मिळतात. ट्रॅकच्या मधेमधे करणाऱ्याचं नाव घेणारा आवाज टाकलेला असतो. पेपरात नाव येत नसलं तरी तिथे येतं.

हलगी मिक्स जरा जवळून ऐका. हलगी म्हणजे एका तोंडाचं चामड्याचं वाद्य, वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणतात. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरूचा ठोका भरीव असतो आणि काडीची कडकड त्याच्या मधल्या फटी भरते. मिक्स करणारा या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे पाडतो. काडीचे तुकडे वरच्या सुरांत मोकळे ठेवतो, टिपरूच्या प्रत्येक ठोक्याखाली सिंथचा (इलेक्ट्रॉनिक) मंद्र सूर बसवतो आणि दोन्ही एकत्र आले की गोंधळ होऊ नये म्हणून त्या क्षणी बाकीचं सगळं किंचित दाबतो. मग ‘ड्रॉप’च्या, म्हणजे सगळं एकदम जोरात परत येण्याच्या, आधी सगळं काढून घेतो आणि एकटी काडी उरते. ती घाई करू लागते. गर्दीचे हात वर जातात ते इथेच. हे कौशल्य आहे, आणि ज्याला हलगीचा ठेका कळत नाही त्याला ते जमत नाही.

साय मिक्सची गोष्ट आणखी मजेशीर आहे. साय म्हणजे सायट्रान्स, नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार. त्यात मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके असतात. प्रत्येक ठोक्याचे चार भाग, पहिल्यावर ड्रमचा आघात आणि उरलेल्या तिन्हींवर बेसचे तुटक सूर. ऐकताना घोडा दौडतोय असं वाटतं. या संगीताचं मूळ गोवा ट्रान्समध्ये आहे, म्हणजे आपल्या चोर्ला घाटाच्या पायथ्यापलीकडे, हणजुण्याच्या किनाऱ्यावर. १९७० च्या आसपास आलेले गोवा गिलसारखे परदेशी तिथे रात्र-रात्र संगीत वाजवत. नव्वदच्या दशकात ते लंडनच्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांकडे गेलं. डिसेंबर १९९४ मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ वनवर वाजला. पुढे इस्रायलमध्ये त्याला मोठी साथ मिळाली. आणि आता यूट्यूबवरून घाट चढून ते आपल्याकडे आलंय, शिवगर्जनेखाली वाजतंय. इतका मोठा प्रवास आपल्या दारात येऊन थांबला आणि आपल्या पेपरांत तो फक्त ‘रेव्ह पार्टीवर छापा’ या मथळ्याखाली दिसतो.

सीमाभागाची खरी गंमत या मिक्समध्येच आहे. गणपतीच्या मराठी गाण्याला उत्तर कर्नाटकातल्या कानडी जानपद (लोक) गाण्याचा ठेका जोडलेला असतो आणि नाचणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. हलगी दोन्ही भाषांची आहे. मराठी पेपर मराठी मंडळांचं लिहितो, कानडी पेपर कानडी मंडळांचं, आणि ज्यात दोन्ही भाषा आहेत तो ट्रॅक दोघांच्याही नजरेतून निसटतो.

ब्रिटनमध्येही सुरुवात भीतीच्या बातम्यांनीच झाली होती. १९८८ च्या ऑक्टोबरात ‘द सन’ने अ‍ॅसिड हाऊस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे हसऱ्या चेहऱ्याचे टी-शर्ट वाचकांना विकायला काढले आणि त्याच महिन्यात या पार्ट्यांविरुद्ध झोड उठवली. १९९४ च्या कायद्यात तर ‘एकामागून एक पुन्हापुन्हा येणारे ठोके’ अशी संगीताची व्याख्याच घातली गेली. लंडन पोलिसांनी २००५ मध्ये आणलेला ‘फॉर्म ६९६’ कार्यक्रमात कुठल्या प्रकारचं संगीत वाजणार ते विचारायचा. ग्राइम या लंडनच्या रॅपप्रकारातल्या कलाकारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१७ मध्ये तो रद्द झाला. पण तिथे या बातम्यांच्या शेजारी दुसरं लेखनही चालू होतं. संगीताची नियतकालिकं होती, रेडिओ होता. ग्राइमच्याच डिझी रास्कलला २००३ चं मर्क्युरी हे संगीताचं पारितोषिक मिळालं. जानेवारी २००६ मध्ये मेरी अ‍ॅन हॉब्ज या निवेदिकेने रेडिओ वनवर डबस्टेप या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारातल्या कलाकारांना एकत्र बोलावून कार्यक्रम केला. पोलिसांची बातमी वाचणाऱ्याला संगीताची बातमीही मिळत होती.

आपल्याकडे दुसरी बाजू म्हणून छापतात ती ‘पारंपरिक वाद्यांच्या गजरात डॉल्बीमुक्त मिरवणूक’. ही तुलना मला पटत नाही. डॉल्बीमुक्त मिरवणूक चांगलीच, कौतुकही व्हावं. पण हलगी आणि संबळ मिक्सच्या आतही आहेत. परंपरा एका बाजूला आणि मिक्स दुसऱ्या बाजूला अशी मांडणी केली की हलगी वाजवणारा माणूसच वगळला जातो. ज्याचं रेकॉर्डिंग कापून हजार ट्रॅक झाले, त्याला विचारलं का, पैसे दिले का, नाव घातलं का, हे प्रश्न कुणीच विचारत नाही. पत्रकाराने विचारावा असा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याला डेसिबल मीटर लागत नाही.

दोन्हींतला फरक स्वतः पडताळायचा असेल तर तोच ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर हळू आवाजात लावा. एवढासा स्पीकर ५० हर्ट्झची हवा हलवू शकत नाही, त्यामुळे डॉल्बी तिथे संपते. तरीही चांगल्या मिक्समध्ये बेस ऐकू येतो, कारण करणाऱ्याने त्या मंद्र सुरात थोडी विकृती (डिस्टॉर्शन) मिसळून त्याचे वरचे स्वर तयार केलेले असतात आणि ते ऐकून खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. कच्च्या मिक्समध्ये बेस सरळ गायब होतो आणि नुसती कडकड उरते. मोबाइलवरही जो ट्रॅक उभा राहतो, तो करणाऱ्याचं नाव शोधून काढा आणि त्याच्याबद्दल पेपरला लिहून कळवा.