व्हायब्रेशन गेलं? फोन आपटू नका

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये मागच्या सीटवरचे काका हमखास सांगतात, 'व्हायब्रेट होत नाही? दोन फटके मारा तळहातावर, मोटर अडकली असेल.' सल्ला जुना आहे आणि त्याला थोडा आधारही होता. जुन्या फोनमध्ये शेंगदाण्याएवढी मोटर असायची. तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असा धातूचा तुकडा बसवलेला, तो फिरला की फोन थरथरायचा. कचरा अडकला किंवा स्प्रिंगचा संपर्क सुटला, तर धक्क्याने ती कधीकधी चालू व्हायची. चार दिवसांनी पुन्हा बंद!

आताच्या बऱ्याच फोनमध्ये फिरणारं काहीच नसतं. स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या जोरावर मागे-पुढे हलतं. २०१५ च्या ६एसपासून बहुतेक आयफोनमध्ये अशीच रचना आहे. तिथे फटक्याने फायदा शून्य, उलट स्क्रीनला तडा जायची भीती.

आधी सेटिंग बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. आयफोनमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'मधल्या 'टच'मध्ये व्हायब्रेशनचं एक बटण आहे. ते बंद असेल तर सगळंच गप्प. अँड्रॉइडमध्ये 'साउंड अँड व्हायब्रेशन' उघडा, बॅटरी सेव्हर बंद करून पाहा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#०*# टाकलं (आकडा इंग्रजी कीपॅडवरचाच) की चाचणीचा पडदा येतो. तिथे 'व्हायब्रेशन' दाबूनही फोन ढिम्म राहिला, तर मात्र मोटर किंवा तिची जोडणी गेली. मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठा नाहीतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. पावसात रेनकोटच्या खिशात भिजलेला फोन असेल, तर तेही आधीच सांगा.