औषध देण्याआधी आम्ही इतकं का विचारतो?

चिठ्ठी पुढे केली की लगेच गोळ्या हातात पडाव्यात असं कोणालाही वाटतं. अंगात ताप असताना तर काउंटरसमोर उभं राहणंही नकोसं होतं. तरीही आमचे फार्मासिस्ट थांबवून प्रश्न विचारतात. ते का, आणि तुमच्या उत्तरांचं पुढे काय होतं, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

नवीन औषध सुरू होताना

तीन प्रश्न ठरलेले आहेत. हे औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय फरक पडेल, काय त्रास होऊ शकेल, याबद्दल काय सांगितलं? उत्तर आठवत नसेल तर संकोच करू नका. दवाखान्यात ऐकलेलं बाहेर पडेपर्यंत विसरायला होतं, सगळ्यांनाच. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तिथून पुढे आम्ही सांगतो. सगळंच पहिल्यापासून ऐकवलं तर नेमकी कामाची गोष्ट त्यात हरवते.

शेवटी ‘कळलं ना?’ असं आम्ही मुद्दाम विचारत नाही, कारण त्यावर बहुतेक जण ‘हो’च म्हणतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं,’ असं म्हणतो. तुमच्या सांगण्यात काही राहिलं, तर आमचंच समजावणं कमी पडलं असं धरून आम्ही पुन्हा सांगतो. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तिचा वार आम्ही पाकिटावर लिहितो, आणि तो तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय गोळ्या देत नाही.

दम्याचा पंप असेल तर तो ओढून दाखवायला सांगतो, वर्षानुवर्षं वापरत असलात तरी. पंप दाबायचा आणि श्वास आत घ्यायचा, यांची वेळ जुळत नाही. श्वास आत घेतल्यावर साधारण १० सेकंद रोखायचा असतो, तेही राहून जातं. मग औषध घशातच अडकतं, दमा आटोक्यात येत नाही आणि डोस वाढवण्याची वेळ येते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून टाकायला विसरू नका.

आधीपासून काय चालू आहे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाकिटावरचं नाव वेगळं असतं, आतलं औषध तेच असतं. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. धडधाकट मोठ्या माणसासाठीही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. ती ओलांडली तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला ते जाणवतही नाही. तसंच, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याच गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ‘साधी अंगदुखीची गोळी द्या’ म्हटलं तरी आम्ही विचारतो.

नावं पाठ करायची गरज नाही. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. जडीबुटीची औषधं, जीवनसत्त्वं, डोळ्यांचे थेंब, उरलेल्या जुन्या गोळ्या, सगळं.

वेळापत्रक तुमच्या दिवसाप्रमाणे

मग आपण बसून वेळापत्रक आखतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून ४ तास लांब. रात्रपाळी असेल तर ‘सकाळी’ या शब्दाला अर्थ उरत नाही, म्हणून तुम्ही कधी उठता, कधी जेवता, हे आधी विचारतो.

गेल्या आठवड्यात किती डोस चुकले, हेही विचारतो. खरं सांगा, कोणी रागावणार नाही. दीर्घ आजारांत ठरल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं. कोणी विसरतं, कोणाला खर्च झेपत नाही, कोणाला त्रास होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. माणूस कंटाळून गोळी बंद करतो, आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही. असं काही असेल तर आम्ही तुमच्या संमतीने डॉक्टरांना कळवतो. औषध किंवा डोस बदलायचा निर्णय त्यांचाच. ठरलेलं आम्ही नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू होतं.

सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर नुसतं ‘बाजूला बोलायचंय’ म्हणा. घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, तेही तुम्हीच ठरवा.

डोस चुकला तर दुप्पट घेऊ नका, आधी आम्हाला विचारा. मात्र औषध घेतल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर आमच्या उत्तराची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या.