'तुर्काचं बी', 'बल्गेरियन', 'तू कधीच ग्रीक होणार नाहीस': ग्रीक फुटबॉलमधल्या घोषणांची पार्श्वभूमी

फुटबॉलच्या मैदानात आई-बहिणीवरून शिव्या सगळ्याच देशांत ऐकू येतात. ग्रीसमध्ये त्यांच्या जोडीला शिव्यांचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो समोरच्याचं ग्रीकपणच नाकारतो. राजधानी अथेन्स आणि शेजारच्या पिरेअस बंदराचे चाहते उत्तरेतल्या थेसालोनिकी शहराच्या पाओक क्लबला 'बल्गेरियन' म्हणतात. पाओक आणि अथेन्सचा एइके या निर्वासितांच्या क्लबांना 'तुर्कोस्पोरी', म्हणजे 'तुर्कांचं बी', असंही हिणवलं जातं. थेसालोनिकीवाले दक्षिणेकडच्यांना 'हामुत्झिदेस' म्हणून हिणवतात, आणि रेफरीने पेनल्टी नाकारली की 'अथेन्सचं राज्य' आपल्याला लुटतंय अशी ओरड सुरू होते. अल्बानियातून आलेल्या स्थलांतरितांच्या वाट्याला १९९०नंतर 'तू कधीच ग्रीक होणार नाहीस' ही घोषणा आली.

बाहेरून पाहणारे याला सरसकट 'राष्ट्रवाद' म्हणून मोकळे होतात. पण यातल्या बहुतेक घोषणा ग्रीक माणूस ग्रीक माणसालाच देतो. खरा ग्रीक कोण, हा वाद या मैदानांत शंभर वर्षं चालला आहे. त्याचा उगम समजून घ्यायचा तर १९२२ सालापासून सुरुवात करावी लागते.

निर्वासितांचे क्लब

तुर्कांशी झालेल्या १९१९ ते १९२२च्या युद्धात ग्रीक सैन्याचा आशिया मायनरमध्ये पराभव झाला आणि सप्टेंबर १९२२मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळालं. जानेवारी १९२३मध्ये लोझानला लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. या करारात भाषा विचारात घेतलीच नव्हती. निकष फक्त धर्माचा होता. त्यामुळे तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि ग्रीक बोलणारे क्रीटमधले मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९२८च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या सुमारे ६२ लाख होती आणि त्यात १२ लाखांवर निर्वासित होते. म्हणजे दर पाच माणसांत एक नवा आलेला. उच्चार वेगळे, जेवण वेगळं, काहींची घरची भाषाच तुर्की. शिवाय राजकारणात ते जवळजवळ एकगठ्ठा उदारमतवादी नेता व्हेनिझेलोसच्या बाजूचे, त्यामुळे राजेशाहीवाद्यांचा रोष आयताच ओढवला. 'तुर्काचं बी' ही शिवी आधी याच राजकारणात आणि गल्लीबोळांत रुजली. मैदानात ती नंतर आली.

निर्वासितांनी नव्या वस्त्यांना गमावलेल्या गावांची नावं दिली आणि पुढे 'नेआ', म्हणजे 'नवं', हा शब्द जोडला : नेआ स्मिर्नी, नेआ इओनिआ, नेआ फिलाडेल्फिया. क्लबांचंही तसंच झालं. १८९० साली स्मिर्नात स्थापन झालेला पानिओनिओस आणि १८९१चा अपोलॉन हे दोन क्लब समुद्र ओलांडून अथेन्समध्ये पुन्हा उभे राहिले. कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, आलेल्यांनी एप्रिल १९२४मध्ये एइके काढला. नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थच 'कॉन्स्टँटिनोपलचा'. पिवळा-काळा रंग आणि दुतोंडी गरुड थेट बायझंटाइन साम्राज्याच्या खुणांमधून घेतले. नेआ फिलाडेल्फियात निर्वासितांसाठी राखलेल्या जागेवर १९३०मध्ये त्यांचं मैदान झालं.

पाओकचा जन्म १९२६चा, थेसालोनिकीतला. हा क्लब आजच्या समजुतीपेक्षा जास्त खुला होता. शहरात १९२५पासून केवळ निर्वासितांचा म्हणून एक वेगळा क्लब, एइके थेसालोनिकी, होता. तो १९२९मध्ये पाओकमध्ये विलीन झाला आणि दुतोंडी गरुड पाओकच्या छातीवर त्यानंतर आला. त्याआधीचं चिन्ह घोड्याचा नाल आणि चार पानांचं क्लोव्हर असं होतं. पाओकच्या गरुडाचे पंख मिटलेले आहेत आणि चाहते त्याचा अर्थ शोक असा लावतात. काळा रंग दुःखाचा, पांढरा आशेचा. 'गरुड आमचा की तुमचा' हा एइके आणि पाओकमधला वाद अजून मिटलेला नाही.

थेसालोनिकी १९१२पर्यंत ओटोमान साम्राज्यात होतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. १९०८चा इराक्लीस त्या काळातला, म्हणून त्याने ग्रीक ध्वजाचा निळा-पांढरा घेतला तेव्हा ते उघड राजकीय विधान होतं. १९१४च्या आरिसने बाल्कन युद्धांनंतर युद्धदेवतेचं नाव घेतलं. मॅसिडोनियाच्या भूमीवर बल्गेरियाचा दावा होता आणि दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियाने उत्तर ग्रीसचा काही भाग व्यापलाही. दक्षिणेकडच्या चाहत्यांनी उचललेली 'बल्गेरियन' ही शिवी या इतिहासातून आली आहे.

बंदर, राजधानी आणि अर्धसत्य

ऑलिंपियाकोस म्हणजे पिरेअस बंदरातले हमाल नि कामगार, आणि पानाथिनाइकोस म्हणजे अथेन्सचा उच्चवर्ग, हे समीकरण प्रत्येक लेखात असतं. ते अर्धंच खरं आहे. १९२५मध्ये ऑलिंपियाकोस उभा करण्यात पुढे असलेले आंद्रिआनोपुलोस बंधू सधन व्यापारी घरातले होते. पाठीराखे मात्र बंदरातून आणि आजूबाजूच्या निर्वासित वस्त्यांतून आले. ऑलिंपियाकोसने सलग विजेतेपदं मिळवली तशी ही प्रतिमा देशभर पसरली आणि 'राजधानीला हरवणारा संघ' म्हणून बेटांवरच्या, खेड्यांतल्या माणसांनीही त्याला आपलं मानलं. पानाथिनाइकोसचं अलेक्झांड्रास मार्गावरचं मैदान पाहिलं तर समोरच १९३०च्या दशकातल्या निर्वासितांच्या इमारती दिसतात. डिसेंबर १९४४मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर डावे आणि सरकार यांच्यात झालेल्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा त्यांच्या भिंतींवर आहेत. वर्गाची रेघ इतकी सरळ कधीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याचा काळ आणि त्यामागून आलेलं यादवी युद्ध यांनी क्लबांच्या स्मृतीत हुतात्मे दिले. ऑलिंपियाकोसचा खेळाडू निकोस गोदास हा डाव्या प्रतिकार सैन्यात कप्तान होता. त्याला १९ नोव्हेंबर १९४८ रोजी कॉर्फूजवळच्या लाझारेतो बेटावर गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा अंगावर क्लबची लाल-पांढरी जर्सी होती. काही चाहते आजही त्याची आठवण जागवतात. सरकारी इतिहासात डाव्यांना अनेक दशकं 'राष्ट्रद्रोही' म्हटलं जात होतं, म्हणून ही आठवण जपण्याला वजन आहे.

थेसालोनिकी आणि पिरेअस यांच्यातल्या वैराला एक ठळक तारीख आहे. १९६६मध्ये पाओकचा तरुण तारा योर्गोस कूदास ऑलिंपियाकोसकडे निघून गेला. पाओकने त्याला मुक्त करायला नकार दिला. तेव्हाच्या नियमांनुसार जुन्या क्लबच्या परवानगीशिवाय नोंदणी होत नसे, त्यामुळे तो ऑलिंपियाकोसकडून फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळू शकला. १९६८मध्ये तो परत आला. उत्तरेने हा प्रसंग 'दक्षिण आमची माणसं पळवते' या तक्रारीचा पुरावा म्हणून कायमचा जपून ठेवला.

मधल्या काळात, एप्रिल १९६७मध्ये, लष्करी हुकूमशाही आली होती. २ जून १९७१ रोजी हंगेरीचा नामवंत माजी खेळाडू पुष्काशच्या मार्गदर्शनाखाली पानाथिनाइकोस युरोपियन कपच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर उतरला आणि आयाक्सकडून २-० असा हरला. राजवटीने त्या यशाचा मनसोक्त वापर केला. पण हुकूमशाहीने लोकांना फुटबॉलची गुंगी दिली एवढं म्हणून भागत नाही. स्टेडियम हीच थोड्या जागांपैकी एक होती जिथे हजारो माणसं कायदेशीरपणे एकत्र येऊन ओरडू शकत होती. पानाथिनाइकोसच्या चाहत्यांची गेट १३ संघटना १९६६ची, पाओकची गेट ४ ही १९७६ची, एइकेची ओरिजिनल २१ ही १९८२ची. अशी नावं बसायच्या जागेच्या दरवाजावरून पडली. ऑलिंपियाकोसच्या गेट ७ला मात्र शोकाची किनार आहे. ८ फेब्रुवारी १९८१ रोजी एइकेवर ६-० असा विजय मिळाल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीत त्या दरवाजापाशी चेंगराचेंगरी झाली आणि २१ जण मेले.

१९७९मध्ये व्यावसायिक फुटबॉल आल्यावर क्लब जहाजमालक, तेलवाले आणि बँकर यांच्या हाती गेले. बँक ऑफ क्रीटचा मालक योर्गोस कोस्कोतासने १९८७मध्ये ऑलिंपियाकोस घेतला. पुढच्याच वर्षी बँकेतला घोटाळा बाहेर आला आणि त्याचा हादरा १९८९च्या निवडणुकीत पंतप्रधान पापांद्रेऊंच्या सरकारला बसला. २०१४मध्ये ऑलिंपियाकोसच्या वर्तुळातला गट पिरेअसची महापालिका जिंकून गेला आणि क्लबचा पदाधिकारी महापौर झाला. मार्च २०१८मध्ये पाओकचा मालक इव्हान साव्विदिस कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरला आणि सरकारने लीग थांबवली. साव्विदिस जॉर्जियात जन्मलेला, काळ्या समुद्राकाठच्या पोन्टोसच्या ग्रीक वंशातला. उत्तरेच्या निर्वासित समाजाला तो आपला वाटतो, यामागे पैशाइतकाच हा वंशही आहे. मालकाला मतं आणि परवाने हवे असतात, आणि चाहत्यांची संघटना त्याला हाताशी लागते. म्हणून कोणत्याही सरकारला या संघटनांशी दोन हात करताना मागेपुढे पाहावं लागलं.

शेजारी, मित्र आणि २००४

१९९१मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि 'मॅसिडोनिया' हे नाव कोणाचं यावरून ग्रीसमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले. थेसालोनिकीच्या मैदानांत 'मॅसिडोनिया ग्रीक आहे' हे फलक तेव्हापासून आहेत आणि शेजारी देशाचं नाव 'उत्तर मॅसिडोनिया' ठरवणाऱ्या जून २०१८च्या प्रेस्पा कराराने ते उतरले नाहीत. ज्या शहराला दक्षिण 'बल्गेरियन' म्हणते, त्या शहराला आपलं ग्रीकपण सगळ्यांत मोठ्याने सांगावं लागतं. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

युगोस्लाव्हियाच्या युद्धांत 'ऑर्थोडॉक्स भाऊ' ही कल्पना बळावली. ऑलिंपियाकोसचे चाहते बेलग्रेडच्या रेड स्टारशी जोडले गेले, पाओकचे पार्तिझानशी. नाटोचे बॉम्ब पडत असताना, ७ एप्रिल १९९९ रोजी, एइकेचा संघ बेलग्रेडला जाऊन पार्तिझानशी खेळला. चाहते मैदानात उतरल्यामुळे सामना पूर्ण झाला नाही. पण धर्माचं हे नातं सगळ्यांना बांधत नाही. एइकेच्या डाव्या चाहत्यांची मैत्री लिव्होर्नो आणि मार्सेशी आहे, आणि पानाथिनाइकोसच्या गेट १३ची कॅथलिक क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबशी. शेजारचा क्लब रेड स्टारचा मित्र असेल तर आपण त्याच्या शत्रूचे मित्र, इतका साधा हिशेब धर्मावर मात करतो.

४ जुलै २००४ रोजी लिस्बनमध्ये खारिस्तेआसच्या हेडरवर ग्रीसने पोर्तुगालला १-० हरवून युरो जिंकला. त्या रात्री अथेन्सच्या ओमोनिया चौकात स्थलांतरितही नाचले. २००१च्या जनगणनेनुसार देशातल्या परदेशी नागरिकांत निम्म्याहून अधिक अल्बानियन होते. बरोबर दोन महिन्यांनी, ४ सप्टेंबरला, तिरानात अल्बानियाने या युरोपविजेत्यांना २-१ हरवलं. ग्रीसमधले अल्बानियन झेंडे घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा अनेक शहरांत त्यांच्यावर हल्ले झाले आणि झाकिन्थोस बेटावर एका तरुण अल्बानियनाचा भोसकून खून झाला. 'तू कधीच ग्रीक होणार नाहीस' ही भावना २००० सालीच उघड झाली होती. २८ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ध्वज धरतो. थेसालोनिकीजवळच्या एका शाळेत तो मान एका अल्बानियन मुलाला मिळाला, म्हणून पालकांनी विरोध केला होता. आपण सगळे मिळून जिंकलो, हा जुलैतला आनंद कोणाकोणाचा होता, हे सप्टेंबरमध्ये कळलं.

आर्थिक संकटात 'गोल्डन डॉन' हा नवनाझी पक्ष जून २०१२मध्ये १८ जागा घेऊन संसदेत पोचला. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांना 'निळी सेना' नावाचा त्याच्या जवळचा गट आधीपासूनच होता. क्लबांच्या स्टँडमध्ये मात्र त्याला तितका शिरकाव मिळाला नाही. १६ मार्च २०१३ रोजी एइकेच्या योर्गोस कातिदिसने वेरियाविरुद्ध विजयी गोल केला, शर्ट काढला आणि नाझी सलाम ठोकला. अर्थ माहीत नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. ग्रीक फुटबॉल महासंघाने दुसऱ्याच दिवशी त्याला राष्ट्रीय संघांतून आजन्म बाद केलं. निर्वासितांनी उभ्या केलेल्या क्लबच्या रंगांत हे घडलं, याची चीड एइकेच्या चाहत्यांमध्ये सर्वाधिक होती. त्याच वर्षी १७ सप्टेंबरच्या रात्री पिरेअसजवळच्या केरात्सिनीत फॅसिझमविरोधी रॅपर पाव्लोस फिसासने एका कॅफेत ऑलिंपियाकोस–पॅरिस सामना पाहिला, आणि बाहेर पडल्यावर गोल्डन डॉनच्या माणसाने त्याला भोसकलं. त्या खुनातून उभ्या राहिलेल्या खटल्यात ७ ऑक्टोबर २०२० रोजी पक्षाला गुन्हेगारी संघटना ठरवण्यात आलं.

नेआ फिलाडेल्फिया, पुन्हा

१९९९च्या भूकंपात हानी झालेलं एइकेचं जुनं मैदान २००३मध्ये पाडलं. त्याच जागेवर ३० सप्टेंबर २०२२ रोजी नवं उघडलं, नाव 'अगिया सोफिया'. इस्तंबूलमधल्या त्या महान चर्चची २०२० साली पुन्हा मशीद झाली होती, त्यामुळे या नावात शंभर वर्षांचा वियोग आणि आजचं राजकारण दोन्ही ऐकू येतात.

याच मैदानाबाहेर ७ ऑगस्ट २०२३च्या रात्री दिनामो झाग्रेबच्या चाहत्यांनी हल्ला केला आणि एइकेचा २९ वर्षांचा एक चाहता भोसकला गेला. युरोपियन फुटबॉल संघटना युएफाने पाहुण्या चाहत्यांना आधीच बंदी घातली होती. तरी सुमारे शंभर क्रोएशियन गाड्यांनी मॉन्टेनेग्रो आणि अल्बानियामार्गे अथेन्सला पोचले. तिकीट बंद केल्याने माणूस घरी बसत नाही, तो पोलिसांची नजर नसलेल्या रस्त्याने येतो. ही चूक ग्रीसने देशांतर्गत सामन्यांतही अनेक वर्षं केली. डर्बीतून पाहुणे चाहते हटवल्यावर मारामाऱ्या वस्त्यांमध्ये सरकल्या. २००७मध्ये अथेन्सबाहेर पैआनियात महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्यानिमित्त ठरवून झालेल्या मारामारीत एक जण मेला, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये थेसालोनिकीत १९ वर्षांच्या मुलाला 'कोणत्या संघाचा?' असं विचारून मारलं गेलं.

डिसेंबर २०२३मध्ये पिरेअसजवळच्या रेन्तीत, पुन्हा व्हॉलीबॉलच्याच सामन्यात, फ्लेअर लागून जखमी झालेला पोलीस २७ तारखेला मरण पावला. सरकारने पहिल्या श्रेणीच्या लीगचे सामने १२ फेब्रुवारी २०२४पर्यंत रिकाम्या स्टँडसमोर खेळवले. एप्रिल २०२४पासून तिकीट फोनवरच्या सरकारी डिजिटल वॉलेटमधून, ओळखपत्राशी जोडूनच मिळतं. स्टँडमध्ये कॅमेरे आले. कोणत्या आसनावर कोण बसलं आहे हे आता पोलिसांना कळतं. 'बल्गेरियन' आणि 'तुर्काचं बी' या घोषणा मात्र त्या आसनांवरून अजूनही दिल्या जातात.