व्रणशोधन, विवृत अस्थिभंगातील

हाड मोडताना वरील त्वचा व मांस फाटून मोडीची जागा उघडी पडली, तर त्यास विवृत अस्थिभंग म्हणतात. अशा जखमेतील माती, कपड्याचे धागे, मृत मांस व सुटलेले हाडांचे तुकडे काढून टाकून ती धुणे म्हणजे व्रणशोधन. रुग्णालयांत ‘डेब्रिडमेंट’ हाच शब्द चालतो. बोलण्यात ‘जखम धुतली’ असे म्हणतात. पण यात पाण्यापेक्षा सुरीचे काम अधिक असते. मेलेल्या मांसाला रक्तपुरवठा नसतो. तेथे शरीराच्या रक्षक पेशी पोचत नाहीत, शिरेतून दिलेले प्रतिजैविकही पोचत नाही, आणि जंतूंना मात्र तयार अन्न मिळते. ते मांस जागेवर ठेवून कितीही पाणी ओतले, तरी पू व्हायचा राहत नाही. पुढे जंतू हाडात शिरले, की अस्थिमज्जाशोथ (हाड व त्यातील मज्जा यांचा जंतुसंसर्ग) वर्षानुवर्षे चिघळतो.

‘डेब्रिडमेंट’ हा शब्द फ्रेंच असून ‘लगाम सोडणे’ हा त्याचा मूळ अर्थ. तो अठराव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक ल द्रां याने रूढ केला असे काही मानतात, तर काही ते श्रेय दसो या दुसऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सकाला देतात. ल द्रांच्या संदर्भात हा शब्द बंदुकीच्या जखमेत सुजलेल्या मांसावरील ताण चीर देऊन मोकळा करण्यापुरता आहे, आणि व्युत्पत्तीशी तोच अर्थ अधिक जुळतो. मृत ऊतके छाटून काढण्याचा आजचा अर्थ पहिल्या महायुद्धात बेल्जियन शल्यचिकित्सक आंत्वान दपाज व त्याच्या समकालीनांच्या कामातून पक्का झाला असावा.

जखमेसह मोडलेल्या हाडाचा वेगळा विचार त्याहून पुष्कळ जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘सव्रण भग्ना’वर तूप-मध मिसळलेल्या काढ्यांचा उपचार सांगितला आहे; संहितेच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर याने गाडीखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या नडगीच्या जखमेवर कार्बोलिक अम्ल या जंतुनाशकाची पट्टी बांधली. जखम न पिकता भरली. तोवर अशा रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी पाय कापण्याकडेच कल असे. पुढे स्पेनमधील यादवी युद्धात शल्यचिकित्सक जुझेप त्रुएता याने जखम नीट छाटून, उघडी ठेवून त्यावर प्लास्टर घालण्याची पद्धत १,०७३ विवृत अस्थिभंगांत वापरली व फार थोडे रुग्ण दगावले. हे यश प्रतिजैविकांशिवायचे आहे, म्हणून त्याचे श्रेय सुरीला द्यावे लागते.

सहा तासांचा नियम : अशी जखम सहा तासांच्या आत शस्त्रक्रियागृहात साफ झालीच पाहिजे, हा नियम शल्यचिकित्सकांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केला. त्याचे मूळ बहुधा पाउल लेओपोल्ट फ्रीड्रिख या जर्मन शल्यचिकित्सकाच्या १८९८ मधील प्रयोगांत आहे. त्याने गिनीपिगांच्या स्नायूंतील जखमांत बागेतील माती व जिन्यावरची धूळ भरली आणि वेगवेगळ्या वेळांनी त्या छाटल्या. सुमारे सहा ते आठ तासांनंतर छाटण्याचा उपयोग होईना. या प्रयोगात हाड मोडलेले नव्हते आणि प्रतिजैविके तर निघायचीच होती. तरीही आकडा माणसाच्या नडगीला चिकटला तो चिकटलाच. २०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणात १६ अभ्यासांतील ३,५३९ विवृत अस्थिभंग तपासले असता, उशिरा शोधन झालेल्यांत जंतुसंसर्ग अधिक आढळला नाही. येथे एक शंका घ्यायला जागा आहे. जास्त मळलेल्या, वाईट जखमा कोणताही शल्यचिकित्सक आधी घेतो, त्यामुळे अशी तुलना पुरती समान पातळीवरची नसते. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वे मधला मार्ग धरतात : शेतातील माती, गटाराचे पाणी यांनी दूषित किंवा रक्तवाहिनी तुटलेली जखम लगेच, जोराच्या आघाताची १२ तासांत, बाकीच्या २४ तासांत. प्रतिजैविकाच्या वेळेबाबत एवढा वाद नाही. ते जितके लवकर तितके बरे. १९७४ मध्ये पॅट्झाकिस व सहकाऱ्यांच्या अभ्यासात प्रतिजैविक न दिलेल्यांत संसर्गाचे प्रमाण १३.९ टक्के, तर सेफॅलोथिन हे प्रतिजैविक दिलेल्यांत २.३ टक्के होते.

कृती : बाहेरची जखम लहान दिसली म्हणून फसू नये. मोडलेले टोक आघाताच्या क्षणी बाहेर येते, मातीत रुतते आणि अवयव सरळ करताना गवत-मातीसकट आत जाते. वर उरते बोटभर भोक. म्हणून जखम दोन्ही अंगांनी वाढवून हाडाची दोन्ही टोके बाहेर काढून पाहावी लागतात. स्नायू जिवंत आहे की नाही हे रंग, घट्टपणा, चिमट्यात धरल्यावर आकसणे व कापल्यावर रक्त येणे या चार गोष्टींवरून ठरवतात. यांत रंग सर्वांत बेभरवशाचा. हाडाचा तुकडा चिमट्याने हलके ओढल्यावर सहज हाती आला, तर तो मांसापासून तुटलेला समजून काढतात. सांध्याच्या पृष्ठभागाचा मोठा तुकडा मात्र शक्यतो साफ करून ठेवतात. निरोगी हाडाच्या कडेवर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटतात. ते दिसेपर्यंत कड खरवडतात. शंका उरल्यास २४ ते ४८ तासांनी जखम पुन्हा उघडून पाहतात.

धुण्याचे द्रव : पाणी किती वापरावे याचा प्रघात विवृत अस्थिभंगांचे तीव्रतेनुसार तीन प्रकार पाडणाऱ्या गस्टिलो-अँडरसन वर्गीकरणावर (१९७६) बेतलेला आहे : पहिल्या प्रकारास ३, दुसऱ्यास ६ व तिसऱ्यास ९ लिटर. हे आकडे सोयीचे आहेत. सलाईनची मोठी पिशवी तीन लिटरची असते, हे त्यामागचे एक कारण दिसते. दाबाच्या यंत्राने फवारा मारण्याची पद्धत काही काळ लोकप्रिय होती. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र जोराच्या फवाऱ्याने जंतू उलट मांसात खोल गेल्याचे आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ या बहुराष्ट्रीय चाचणीत सुमारे २,४०० रुग्ण होते व भारतातील केंद्रांचाही तीत सहभाग होता. दाब कमी असो वा जास्त, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. साबणाच्या द्रावणाने धुतलेल्यांत मात्र ते १४.८ टक्के, तर साध्या सलाईनने धुतलेल्यांत ११.६ टक्के निघाले. म्हणजे उंचावर टांगलेली सलाईनची पिशवी व नळी एवढे पुरते. पहिल्या महायुद्धातील कॅरेल-डेकिन पद्धतीचे सुमारे अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक द्रावण आता या कामी क्वचितच वापरतात.

अपघात विभागात जखम धुऊ नये, मोठा केरकचरा तेवढा उचलून, छायाचित्र घेऊन ओला निर्जंतुक गॉज ठेवावा, असा हल्ली संकेत आहे. छायाचित्रामुळे पट्टी दर डॉक्टरगणिक सोडावी लागत नाही. शोधनापूर्वी घेतलेल्या पुवाच्या वा स्रावाच्या जंतुपरीक्षणाचा उपयोग थोडा. पुढे प्रत्यक्ष संसर्ग करणारे जंतू बरेचदा वेगळे, रुग्णालयातलेच असतात. धनुर्वाताची लस वेगळी पाहावी लागते.

हाताच्या बोटांतील विवृत अस्थिभंगांत रक्तपुरवठा चांगला असल्याने संसर्ग कमी होतो व वरील नियम बरेच सैल करतात.