द्रव डिटॉक्स आहार

घन अन्न सोडून एक ते दहा-बारा दिवस केवळ फळांचे व भाज्यांचे रस, लिंबूपाणी व काढे यांवर राहण्याची पद्धत. तिने शरीरातील ‘विषे’ निघून जातात, असा समज आहे. कोल्हापूरची जुनी पेये नेमकी उलट्या हेतूची : तालमीतील बदाम घोटलेली थंडाई किंवा गंगावेशीत म्हशीजवळ उभे राहून प्यायचे धारोष्ण दूध, दोन्ही अंग कमावण्यासाठी.

पद्धतीचा उगम विवाद्य आहे. काहीजण तो आयुर्वेदातील लंघनात, म्हणजे शरीर हलके करणाऱ्या उपचारांत, शोधतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २२) लंघनाचे दहा प्रकार येतात : वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), नस्य (नाकातून औषध) व निरूह (काढ्याचा बस्ती, म्हणजे एनिमा) या चार शुद्धी, शिवाय पिपासा, वारा, ऊन, पाचन, उपवास आणि व्यायाम. यांत रसपान नाही. पिपासा म्हणजे तर तहान सोसणे. शुद्धीनंतर मंड, पेया, विलेपी (पातळ ते घट्ट पेज) अशा क्रमाने अन्नावर परत आणण्याचा कटाक्षही आजच्या रस-उपवासात सहसा दिसत नाही. उसाबद्दल याच ग्रंथात बारीक भेद आहे : दातांनी चावून खाल्लेल्या उसाचा रस बृंहण, म्हणजे शरीर भरणारा, यंत्राने काढलेला विदाही, म्हणजे जळजळ करणारा. गुऱ्हाळांच्या कोल्हापुरी मुलखात हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. लंघनात रसपानच नसल्यामुळे आजच्या प्रकाराचे मूळ विसाव्या शतकातील पाश्चात्त्य निसर्गोपचारात मानणे अधिक सयुक्तिक. पर्यायी उपचारांचे अमेरिकी पुरस्कर्ते स्टॅनली बरोज यांची लिंबू, मेपल पाक व लाल तिखट यांची कृती साधारण १९४० च्या दशकातील असून ती १९७६ च्या पुस्तकाने पसरली.

परिणामांबाबत पुरावा तुटपुंजा आहे. विषारी द्रव्यांचा निचरा यकृत व मूत्रपिंडे करतातच. पहिल्या दिवसांत घटणारे वजन बरेचसे पाण्याचे असते : ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते आणि जेवण सुरू होताच परतते.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर अशा उपवासात धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रसांतील पोटॅशियम बाधते. पालकाच्या रसातील ऑक्सॅलेट या क्षारामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. सर्वाधिक सावधगिरी दुधी भोपळ्याच्या रसाबाबत हवी. कडू दुधीतील कुकुर्बिटॅसिन विषारी असून त्याने भारतात मृत्यू झाले आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा रस इतर रसांत मिसळू नये, असे सांगितले. कारल्याबरोबर काढला, तर दुधीचा कडवटपणा कळतच नाही. रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागल्यास पूर्ण फळ टाकून द्यावे आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी वा जुलाब झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.